चार मशीनं, आठ भोंगे

दौंडच्या रेल्वे यार्डात वायरमन असलेला खंडू रजा काढून वडगाव रासाईला आला, तो थेट आनंदरावांच्या अंगणात. आनंदराव त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी लिलावात घेतलेली जुनी जीप अंगणात उभी होती. १९७४ सालची भीमजयंती पाच दिवसांवर आली होती आणि यंदाची मिरवणूक बैलगाडीऐवजी याच जीपवरून काढायची, असं बौद्धवाड्यानं ठरवलं होतं.

"गाडी झाली, आता आवाजाचं बोल," दाजी म्हणाले. "दर साली एकच भोंगा. शेवटच्या घरापतूर पोचत न्हाई. साखरमावशी गळा फोडून गाती आन् पुढचीच दहा माणसं ऐकत्यात."

वर्गणी तीनशे पंचवीस रुपये जमली होती. एवढ्यात मोठं अॅम्प्लिफायर येणं शक्यच नव्हतं. खंडूनं पुण्यात भाव विचारून ठेवला होता, तो या रकमेच्या चौपट होता.

"मोठं एक न्हाई परवडत, तर बारकी चार घेऊ," खंडू म्हणाला. "एकेकाला दोन भोंगे."

"चार बारकी मिळून एक मोठं व्हतं व्हय?"

"व्हायला पायजे, दाजी." खंडूनं कागदावर तसं मांडलं होतं. करून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं शिरूरला गेले. बाजारतळाशेजारी कोंडिबामामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली, बॅटरीवर चालणारी बारकी अॅम्प्लिफायरची मशीनं मामांच्या फळीवर धूळ खात पडली होती. एकाचा दांडा तुटलेला, एकाला झाकणच नाही. मामांनी त्यातली चार निवडली, प्रत्येक चालू करून ऐकवलं आणि वरून जुने आठ भोंगेही दिले; सगळं वर्गणीत बसलं.

"बॅटऱ्या दोन ठेव," मामांनी बजावलं. "मशीनांची निराळी, जीपची निराळी. न्हाईतर गाणं व्हईल आन् गाडी ढकलत न्यावी लागंल."

दोन दिवस खंडू जीपला चिकटून होता. टपावर लाकडी चौकट ठोकली, तिच्यावर भोंगे आवळले. मागच्या बाकाखाली मशीनं बसवली आणि एका माइकचा आवाज चारही मशीनांना वाटून देणारी डबी स्वतः तयार केली. जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी जीप भीमेच्या काठावर नेली. घरांपासून लांब, म्हणजे फसलं तरी हसायला कोणी नको.

साखरबाई मात्र आली होतीच. खंडूच्या आईची ही धाकटी बहीण. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि खुरपता खुरपता बाबासाहेबांची गाणी रचायची. लिहिता येत नव्हतं, पण शंभरेक गाणी तोंडपाठ होती.

खंडूनं बटणं दाबली. साखरबाईनं पहिली ओळ म्हटली.

आवाज आला, पण कसला! पोकळ, विरळ, जणू रांजणात तोंड घालून कोणी बोलतंय. आठ भोंग्यांचा म्हणून वाटतच नव्हता.

"पैकं पाण्यात गेलं," दाजी पुटपुटले.

वर्गणीचे पैसे होते. कुठलं मशीन बिघडलं ते कळावं म्हणून खंडूनं मावशीला गात राहायला सांगून एकेक बंद करायला घेतलं. पहिलं बंद केलं, आवाज आणखी घटला. ते पुन्हा चालू केलं. दुसऱ्याचंही तेच. मग त्यानं तिसरं बंद केलं, आणि आवाज एकदम वाढला.

खंडू बटणावर बोट ठेवून थबकला. एक मशीन कमी केलं आणि आवाज वाढला! त्यानं पुन्हा चालू केलं, आवाज ओसरला. पुन्हा बंद, आवाज चढला. आता त्याला उमगलं. तिसरं मशीन बिघडलेलं नव्हतं. ते बाकीच्या तिघांच्या विरुद्ध जोर लावत होतं. तिघांचे भोंगे हवा पुढं लोटत, नेमका तेव्हाच त्याचे दोन भोंगे हवा मागं ओढत होते. खंडूनंच त्याच्या वायरी उलट जोडल्या होत्या.

"मावशे, थांब जरा," तो म्हणाला. त्यानं तिसऱ्या मशीनच्या दोन वायरींची अदलाबदल केली, स्क्रू आवळले आणि मान हलवली.

साखरबाईनं डोळे मिटून उचललं, "भीम माझा उभा राहिला, वाकली मान वर झाली..."

खंडूला आवाज आधी छातीत जाणवला, मग कानात. जीपचा पत्रा थरथरला. बाभळीवरचे बगळे एका दमात उडाले. आवाज कर्कश नव्हता. मावशीचाच होता, तिच्या गळ्यातली ती बारीक खरखर तशीच होती, पण आता तो नदीएवढा रुंद झाला होता. पाण्यावरून तो पलीकडे गेला आणि पलीकडच्या दरडीवर आपटून परत आला.

साखरबाई मध्येच थांबली. दरडीनं तिचे शेवटचे शब्द तिला परत दिले.

"कोण म्हणालं ते?" तिनं हळूच विचारलं.

"तूच, मावशे."

ती माइककडं न बघता पाण्याकडं बघत राहिली. पलीकडे, दौंडच्या अंगाला, धुणं धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. रानातली माणसं बांध ओलांडून काठाला येत होती. एकानं डोक्याचा फेटा सोडून वर हलवला. त्याचं ओरडणं इकडं पोचत नव्हतं, पण काय म्हणतोय ते कळत होतं.

"आणखी म्हण म्हणत्यात," दाजी म्हणाले.

साखरबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि तेच गाणं पहिल्यापासून सुरू केलं. खंडूनं बाकाखाली हात घालून मशीनांवर तळवे टेकवले. चारही कोमट झाली होती आणि एकाच ठेक्यात थरथरत होती. हे आपल्या हातांनी जोडलंय, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघायच्या वेळी पलीकडून होडी आली. त्यातून बारा माणसं उतरली, सगळ्यांत पुढं एक म्हातारा. त्याच्या हातात झेंडूचा हार होता.

"काल गात व्हती ती बाई कोणची?" त्यानं विचारलं.

खंडूनं जीपकडं बोट दाखवलं. साखरबाई पुढच्या सीटवर अंग चोरून बसली होती. म्हातारा जीपपाशी गेला आणि त्यानं तो हार तिच्यापुढं धरला.