काकासाहेबांच्या पाठीवरची थाळी

धावडा गावात कुत्रं चावलं की माणूस आधी भिवाकडं जातो. भिवा पाठीवर काशाची थाळी चिकटवून मंत्र म्हणतो. अंगात विष आहे तोवर थाळी चिकटून राहते, उतरलं की खाली पडते. व्यवस्था सोपी आहे. कुत्र्यांचीही आजवर तक्रार आलेली नाही.

त्या सकाळी काकासाहेबांची नात अक्षता भिवाच्या अंगणात ओणवी बसली होती. गालावर दातांच्या खुणा, पाठीवर थाळी. तिला चावलेलं कुत्रं लाळ गाळत, दिसेल त्याच्या अंगावर जात पुढं गेलं होतं. काकासाहेब थाळीवर नजर ठेवून शेजारी उभे होते.

शाळेत विज्ञान शिकवणारे संघपाल सर बातमी ऐकून आले. त्यांनी आधी पाठीवरची थाळी काढून खाली ठेवली आणि पोरीला नळाखाली नेऊन जखम साबणानं धुवायला घेतली.

"काकासाहेब, जल्दी गाडी काढा. हा रोग एकदा अंगात उठला की कुठंच औषध न्हाई. लस त्याच्या आधीच टोचावी लागती."

"सर, थाळी विष ओढून राह्यली व्हती ना. भिवाचा गुण आलेले गावात कितीतरी जण हिंडून राह्यले."

"हिंडणारेच दिसणार. गेलेले सांगायला येतेत का? आन् चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. साधं कुत्रं चावलेले थाळी न लावताही वाचतेत." सरांनी खाली ठेवलेली थाळी उचलली. "तुम्हाला कधी कुत्रं चावलं?"

"बिलकुल न्हाई."

"मंग सदरा काढा."

घामेजलेल्या पाठीवर थाळी बसली ती हलेना. भिवानं मंत्र म्हटला, तरी हलेना. काकासाहेबांना भावकी सोडून आजवर कोणी चावलं नव्हतं. पण अंगणात कोणी हसलं नाही. विष नसतानाही थाळी घामानं चिकटते आणि इतका वेळ आपण पोरीला इथं उगाच बसवून ठेवलं, हे काकासाहेबांच्या ध्यानात आलं आणि ते सदरा न घालताच गाडी काढायला धावले.

भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात लस टोचली, रोगाला तिथंच अडवणारं इंजेक्शन जखमेतही दिलं. संध्याकाळी ते कुत्रं मेलेलं सापडलं. या रोगात माणूस पाण्याला भितो, हे कळल्यापासून अक्षतानं पेला उचलला की सारं घर तिच्या घशाकडं बघायचं. ती घटघट प्यायची, तेव्हा बाकीचे श्वास सोडायचे.

लशीचे सगळे डोस झाल्यावर काकासाहेब गावातल्याच गोजरबाईंकडं गेले. त्यांचा मुलगा सोमेश्वर मागच्या साली कुत्रं चावूनच गेला होता. थाळी लावली होती. पण पथ्य मोडलं, वांगं खाल्लं, असा निकाल गावानं दिला. वांगं रांधलं होतं आईनं. तेव्हापासून ती माउली कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

"वहिनी, वांग्यानं न्हाई गेला तो. लस मिळाली न्हाई म्हणून गेला."

गोजरबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मंग सालभर मला कोणीच कसं न्हाई सांगितलं?"

"थाळीचा गुण कोणी तपासलाच नव्हता, वहिनी."

वाचकहो, उपाय किती जुना आहे, किती जणांनी सांगितला, हे विचारून भागत नाही. तो तपासून खरा ठरला का, हे विचारा. आणि जो ठरला, तो आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात हक्कानं मागा. आपण विचारलं नाही, तर रोगी जातो आणि दोष त्याच्या आईच्या पदरात पडतो.