सात नंबरच्या खाटेवरचा बिल्ला

मी एक जुना पत्र्याचा बिल्ला आहे. पांढरा रंग, मधोमध काळं 'एन' हे इंग्रजी अक्षर आणि वर एक भोक. मित्रांनो, एका रंगाऱ्याने एका दुपारी आम्हा सगळ्या अक्षरांच्या बिल्ल्यांना रंगवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णालयात दाखल झालो. आजारी नव्हतो, तरी कायमचे दाखल झालो.

काम सोपं होतं. खाटेच्या डोक्याशी खिळा असतो, त्याला लटकायचं. पण मी बोलूनचालून एकच अक्षर. डोळ्यांच्या विभागात माझा अर्थ 'निअर', जवळची नजर. गाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी मी 'नोड', म्हणजे गाठ. वरच्या मजल्यावर मी म्हणजे 'नॉर्मल', रोग्याला नेहमीचं जेवण द्या. आणि खाली ऑपरेशनच्या वॉर्डात मी म्हणजे 'निल', पाण्याचा थेंबही देऊ नका. एक ना धड, भाराभर चिंध्या. जो तो आपला अर्थ मला चिकटवून पाठ फिरवी, आणि मी आपला भिंतीला पाठ टेकून लटकलेला.

निम्मी हयात मी खालच्या वॉर्डात काढली. तिथल्या मोठ्या सिस्टर कडक शिस्तीच्या. एकदा कुणीतरी मला परस्पर काढलं, रोगी पोटभर जेवला आणि ऑपरेशनच्या टेबलावर त्याच्या जिवावर बेतलं. तेव्हापासून सिस्टरनी नियम घातला, की जो बिल्ला टांगेल त्यानेच तो काढायचा. त्या नियमाने पुष्कळांना वाचवलं. माझंही कौतुक झालं. दर शनिवारी मला ओल्या फडक्याने पुसत आणि मी उगाच तोऱ्यात असे.

मग सात नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. पित्ताशयात खडे होते, सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. नातीचा अर्धा शिवलेला फ्रॉक त्यांनी सोबतच आणला होता. जेवण वाढणाऱ्या मामांना सगळे वाटीमामा म्हणत, कारण ते प्रत्येकाची वाटी काठोकाठ भरत. त्यांचा फाटका खिसा काकूंनी रविवारी बसल्या बसल्या शिवून दिला. संध्याकाळी मोठ्या सिस्टरनी मला काकूंच्या डोक्याशी टांगलं.

सोमवारी भूल देण्याचं यंत्र बिघडलं आणि ऑपरेशन बुधवारवर गेलं. डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरना सांगितलं, काकूंना खायला द्या. सिस्टर माझ्याकडे यायला निघाल्या तोच घरून फोन आला, त्यांची आई घसरून पडली होती. त्या तशाच धावल्या. मी खिळ्यावर राहिलो.

त्यांच्या जागी वरच्या मजल्यावरची धाकटी सिस्टर आली. तिने मला पाहिलं आणि निर्धास्त झाली, बाई नेहमीसारखं जेवतायत. वाटीमामांनी मला पाहिलं आणि गाडी पुढे ढकलली, बाईंना काही द्यायचं नाही. सलाईन दुपारीच संपलं होतं. सून डबा घेऊन आली, तर काकूंनीच तो परत पाठवला. ऑपरेशन बुधवारवर गेल्याचं काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटत होतं, ते केव्हाही होईल. त्या ओला रुमाल ओठांना लावत आणि कुणी विचारलं तर बरी आहे म्हणत. मित्रांनो, सगळं मला दिसत होतं. एकदा तरी खाली पडावं, म्हणून मी पंख्याच्या वाऱ्यात भिंतीवर आपटत राहिलो. पण खिळा मजबूत होता.

मंगळवारी दुपारी काकू सुईत दोरा ओवत होत्या. एकदा चुकला, दोनदा चुकला, मग सुईच हातातून गळली. गाडी ढकलणारे वाटीमामा थांबले.

"काकू, हात कापतोय तुमचा."

"राहू दे मामा. माझ्यापायी ऑपरेशन पुढे नको जायला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. नियम त्यांना पाठ होता, नोकरीही प्यारी होती. तरी त्यांनी मला खिळ्यावरून ओढलं आणि तडक डॉक्टरांपुढे नेऊन धरलं.

"हा मी काढून आणलाय. बोलणी मागाहून खाईन. आधी सांगा, त्या बाईंना जेवायला द्यायचं की नाही?"

"म्हणजे? कालपासून दिलं नाही?" डॉक्टर उठलेच.

धाकटी सिस्टर म्हणाली, "पण यावर नॉर्मल आहे ना?" आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. सगळे धावले तेव्हा काकूंची मान उशीवरून कलली होती. शिरेतून साखर दिली, तेव्हा कुठे पाऊण तासाने त्यांनी डोळे उघडले. वाटीमामा खाटेपाशी उभे होते आणि त्यांच्या हातात काठोकाठ भरलेली वाटी होती.

मोठ्या सिस्टर परतल्या. काकूंचा हात धरून त्या एवढंच म्हणाल्या, "माझं चुकलं." मग त्यांनी आम्हा सगळ्या बिल्ल्यांना एका डब्यात भरलं आणि प्रत्येक खाटेशी पाटी लावली. तिच्यावर पूर्ण वाक्य असतं, ते कधीपर्यंत लागू हे असतं आणि लिहिणाऱ्याचं नाव असतं. डॉक्टरांना विचारून ते दुसऱ्या कुणालाही पुसता येतं.

डब्यात अंधार आहे, एकमेकांच्या कडा टोचतात, मी गंजतो आहे. अधूनमधून एखादी नवी सिस्टर झाकण उघडते आणि म्हणते, हे बरे आहेत, लिहिण्याचा वेळ वाचेल. तेव्हा माझा थरकाप होतो. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला बाहेर काढा, आमची काळजी घ्या. माझं मागणं उलटं आहे. काळजी खाटेवरच्या माणसाची घ्या, त्याला विचारा, तो जेवला का. मला बाहेर काढू नका.