कानातले बोळे

बायकोवर संशय घ्यायला माणसाला निदान एखादं धड कारण लागतं. ठोक्याला एक उशी पुरली.

हा ठोक्या म्हणजे ‘ढ तुकडी’ नावाच्या बँडचा ड्रमर. दिवसा तो कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करायचा. आवाजावरून बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय हे तो दारातूनच सांगत असे. बँडमध्ये एकूण माणसं तीनच. गिटार वाजवून गाणारा बोंबल्या, ज्याचं हे नाव शाळेतच पडलं आणि जन्माला पुरलं. बेस वाजवणारा मुका. त्याला वाचा होती, पण बोलण्यावाचून त्याचं काही अडत नसे. तिघं एकाच बाकावर बसून एकाच वर्षी नापास झाले आणि वर्गाबाहेर उभं राहता राहता त्यांनी बँड काढला. पॉप पंक बँड. म्हणजे तीन सूर, पळता ताल आणि घरच्यांबद्दल तक्रार. पहिलंच गाणं असं होतं:

नाही करणार गृहपाठ, नाही कापणार केस,
तुमच्यासारखा व्हायच्या आधी ओलांडीन वेस!

वेस कुणी ओलांडली नाही आणि केस कापायची गरज तिघांचीही आपोआप कमी होत गेली. ठोक्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मुक्याचं लग्न होऊन मोडलं, तेही त्याने कुणाला फारसं सांगितलं नाही. बोंबल्या मात्र एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एकटाच राहिला. गाणी तेवढी मोठी होत गेली. पूर्वी ज्या गाण्यांवर पोरं उड्या मारायची, तिथे आता बाप्ये माणसं डोळे पुसायला लागली. एका समीक्षकाने तर लिहिलं की या गायकाचे शब्द वयाबरोबर पिकले आहेत. बोंबल्या ते वाचून नुसता मान खाजवत राहिला. एरवी कौतुकाने फुगणारा हा माणूस त्या दिवशी का फुगला नाही, याचं ठोक्याला नवल वाटलं होतं.

नवल वाटून त्याने सोडून दिलं, कारण शब्द कसे पिकतात याच्याशी त्याचा संबंधच नव्हता. ड्रमर गाण्याचे शब्द ऐकत नाही. ठोक्या तर कानात फोमचे बोळे घालूनच वाजवायचा आणि बोळ्यांतून झिरपायचा तो फक्त ताल. घरी स्वतःची रेकॉर्ड लावली तरी त्याला आपण कुठे घाई केली तेवढंच ऐकू येई. इतकी वर्षं गाण्यांना साथ देणाऱ्या या माणसाला दुसऱ्या कडव्यात काय आहे विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तिथे झांजा आहेत.

सरावाची खोली टायरच्या दुकानामागे होती. तिथे पोहोचला की ठोक्या आधी बोळे घालायचा, मग किल्ली घेऊन एकेका ड्रमचं कातडं आवळत बसायचा. एक स्क्रू पिळायचा, काठीने टकटक करायची, बोटाने थरथर बघायची, पुढचा स्क्रू. यात चांगला अर्धा तास जाई. तेवढा वेळ तो स्वतःशी काहीबाही पुटपुटायचा, आपण भांडी घासताना पुटपुटतो तसं. बाकीचे दोघं तोवर वाद्यं खाली ठेवून अगदी गप्प बसत. ठोक्याला ते फार आवडे. कारागिराचा मान ठेवावा तर असा, असं त्याला वाटायचं.

मग ती रेकॉर्डिंगची दुपार आली. ठोक्याचे ड्रम सकाळीच वाजवून झाले होते. एरवी तो निघून गेला असता, पण त्या दिवशी त्याची व्हॅन गॅरेजला होती आणि मुका त्याला घरी सोडणार होता. म्हणून तो काचेबाहेरच्या सोफ्यावर चहाचा कप घेऊन बसला. कानांत बोळे नव्हते. आत बोंबल्या एकटा गायला लागला. गेलं वर्षभर कार्यक्रमांतून वाजवलेलं गाणं ठोक्या पहिल्यांदा ऐकत होता.

गाडी बंद करून बसतो मी जिन्याखाली,
वरच्या खिडकीत दिवा, दिव्यात माझी माणसं.
दोन मिनिटं द्या मला, बाप होऊन येतो वर.

ठोक्याच्या हातातला कप तोंडापाशी थांबला. रोज संध्याकाळी तो नेमकं हेच करायचा. पण थकलेली माणसं जगात पुष्कळ, असं म्हणून त्याने घोट घेतला. तेवढ्यात पुढचं कडवं आलं.

झोपेत माझी उशी ओढतेस, वर ‘असू दे’ म्हणतेस,
जशी काही मीच ती तुला आपल्या हाताने दिली.

त्याने कप खाली ठेवला. झोपेत नवऱ्याची उशी पळवून वर ‘असू दे’ म्हणणारी बाई जगात एकच होती, आणि ती झोपेत काय म्हणते हे कळायला शेजारी झोपावं लागतं. बोंबल्याला हे कुठून कळलं?

संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की त्याला खायला कमी पडत नाही. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजत. तरी बँडचा एकही कार्यक्रम ती चुकवत नसे आणि खुर्ची सोडून पहिल्या रांगेत उभी राहायची. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. आजवर ठोक्याला याचा अभिमान होता. आता त्याने मनातल्या मनात रेघ आखून पाहिली, तेव्हा ती ड्रमसमोर नव्हे, माइकसमोर उभी असते असं त्याच्या ध्यानात आलं. मागच्याच रविवारी तो एका मशिनचं काम आटपून लवकर घरी आला, तर स्वयंपाकघरात बोंबल्या चहा पीत बसलेला. दोघं हसत होते, आणि ठोक्या दारात दिसताच गप्प झाले. त्या वेळी त्याने बोंबल्याला बिस्किटं पुढे केली होती. आता त्याला त्या बिस्किटांचाही राग आला.

व्हॅन परत मिळाल्यावर तो एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना बँडची जुनी गाणी लावून ऐकायला लागला, प्रथमच कान देऊन. सुरुवातीची सगळी मास्तरांच्या नावाने शिमगा करणारी. त्यात त्याला धोका दिसला नाही. पण मुलगी झाली त्या सुमाराच्या गाण्यात एक इवलीशी मूठ निघाली, बोट धरून पळायची वाट अडवणारी. त्याच्या पुढचं गाणं सुरू झालं आणि त्याला व्हॅन रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली.

बाबा गेले, त्यांचे बूट मला बरोब्बर होतात,
दुःख सोसेन मी, हे माप सोसत नाही.

वडील गेल्यावर ठोक्याने त्यांचे कामाचे बूट वापरायला काढले होते. ते पायात घालताना काय होतं हे त्याने कुणालाही, अगदी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण बायकोला न सांगता कळतं, हे त्याला माहीत होतं. म्हणजे तिला कळलं आणि तिने त्या बोंबल्याला सांगितलं. घरभेदी एकच असू शकत होता.

सरळ विचारायचं धैर्य नसलं की माणूस हुशारी करतो. ठोक्याने सापळा लावला. जेवताना त्याने बायकोला सहज आवाजात सांगितलं की तो ड्रम विकणार आहे. बँडला अजून सांगितलं नाही, तूही बोलू नकोस. ड्रम विकायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. ही थाप बोंबल्याच्या तोंडी उगवली की चोर सापडला, असा त्याचा हिशेब. बायकोने घास तसाच हातात धरला आणि विचारलं, ठरवलंस का? तो म्हणाला, हो. पुढचे काही दिवस ती त्याच्याकडे अशी बघायची, जसा तोच कुठे निघून चाललाय. ठोक्याने ते अपराधीपणाच्या खात्यात जमा केलं.

सरावाला तो आता बोंबल्याचा चेहरा वाचायचा. चेहऱ्यावर काही नसायचं, म्हणून त्याला जास्तच काही दिसायचं. रागाच्या भरात त्याने ड्रमचे स्क्रू असे आवळले की एक कातडं फाटलं. ते बदलताना त्याने नेहमीसारखे बोळे घातले आणि बराच वेळ पुटपुटत बसला. त्या दिवशी मुका त्याच्याकडे सारखा बघत होता. बोंबल्या तर सराव न करताच निघून गेला.

पुढच्या सरावाला ठोक्या घराची किल्ली विसरून आला. ड्रम आवळून झाले, तोच बोंबल्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याने खुणेने सांगितलं, बोळे काढ. असं तो आजवर कधी म्हणाला नव्हता. नवं गाणं आहे, वाजवू नकोस, नुसतं ऐक, असं म्हणून तो खाली मान घालून अगदी हलक्या आवाजात गायला लागला. हा बोंबल्या हलक्या आवाजात गाऊ शकतो हेच ठोक्याला नवं होतं.

बायकोला खोटंच सांगितलं, ड्रम विकतो म्हणून,
बघू आता ही थाप कुणाच्या तोंडी उगवते.
विचारायची हिंमत नाही, म्हणून पुरावा शोधतो;
खरंच सापडला तर मी कुठे जाऊ?

ड्रम विकायची गोष्ट बायकोला ठाऊक होती, पण ती थाप आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. सापळ्याची गोष्ट या पृथ्वीवर फक्त एका माणसाला माहीत होती.

“हे तुला कुणी सांगितलं?” त्याने विचारलं.

बोंबल्याने मुक्याकडे बघितलं. आणि मुका बोलला.

“तूच. बोळे घातलेस की बोलतोस. सगळं ऐकू येतं.”

मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि त्याला वाटतं जगात अंधार आहे. ठोक्याला जगाचं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून जगालाही आपलं ऐकू येत नसेल असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. मूठ, बूट, जिन्याखालची दोन मिनिटं, उशी, सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने, एकेक स्क्रू पिळत, या खोलीत सांगितलं होतं. ते दोघं गप्प बसायचे ते मान राखायला नव्हे, ऐकायला.

बोंबल्या अडखळत बोलत राहिला. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात गाण्याजोगं काही घडलंच नव्हतं. मास्तर वारले, त्यानंतर चिडायलाही कुणी उरलं नाही. मोठा होत होता तो ठोक्या, आणि त्याच्यामागून गाणी. ठोक्याला हे माहीत आहे आणि चालतं आहे, अशीच त्या दोघांची समजूत होती. हे आजचं गाणं कुठे गायचं नव्हतं, फक्त त्याला ऐकवायचं होतं. एवढं बोलून त्याची नजर ठोक्याच्या मागे गेली आणि तो पांढरा पडला.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुम्ही कधी आलात?”

दारात बायको उभी होती. विसरलेली किल्ली तिच्या हातात होती. ती आत आली, किल्ली ड्रमवर ठेवली आणि बाहेर जाऊन व्हॅनमध्ये बसली.

रस्ताभर ठोक्या मनात वाक्यं जुळवत होता आणि तोंडापाशी आली की ती मोडत होती. घरापाशी आल्यावर सवयीने त्याने व्हॅन जिन्याखाली लावली आणि बंद केली. वर खिडकीत दिवा होता. बायको उतरली नाही.

“मला वाटायचं, तू त्याच्या तोंडून मला निरोप धाडतोस,” ती समोर बघत म्हणाली. “घरी बोलता येत नाही म्हणून. मी तुझं ऐकायला येत होते रे. त्या रविवारीही त्याला हेच विचारत होते, पुढचं गाणं कधी.”

ठोक्याने मान खाली घातली. पायात बाबांचे बूट होते.

“त्या बुटांना नवे तळ कुठून आले असं वाटलं तुला? आपोआप फुटले? गाणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मी ते चांभाराकडे टाकून आले. तुझी गाडी खाली आली की पोरगी दाराकडे धावते. तिला दोन मिनिटं धरून ठेवते मी, रोज. तुझ्या प्रत्येक निरोपाला उत्तर दिलं मी. आणि तू एकही धाडलेला नव्हतास.”

ती रडत नव्हती, चिडली होती. पण आवाज फाटला. ठोक्याला फार लाज वाटली. तो चुकलो म्हणणार होता, पण ते नुसतं चुकलो त्यालाच कमी वाटलं. स्टिअरिंगवर त्याची बोटं टकटक करायला लागली होती.

बायकोने ते पाहिलं. पुढच्या खणात बोळ्यांची डबी असते हे तिला माहीत होतं. तिने ती काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

“घाल,” ती म्हणाली. “आणि बोल. पण इथून पुढे संशय आला तर ड्रमला नाही सांगायचं, मला विचारायचं.”

त्याने बोळे घातले. जग बंद झालं. स्टिअरिंगच्या कडेवर बोटाने टकटक करत तो बोलायला लागला, आधी उशीचं, मग बाबांचं, मग ती पहिल्या रांगेत उभी असते तेव्हा ती कुणासाठी उभी आहे याची त्याला वाटलेली भीती. आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. वरची खिडकी उघडून मुलगी खाली वाकली. मग शेजारच्यांची उघडली, मग त्यांच्या खालच्यांची. बायकोने सगळ्या बघितल्या आणि त्याला थांबवलं नाही.