उभ्याने वाचले जाणारे पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने आणि फार बारीक अंगाचे पुस्तक आहे. शेजारचा शब्दकोश मला पुस्तक मानत नसे, पण तो कोणालाच मानत नसे. जपानी कवींच्या इवल्या इवल्या कविता एका निवृत्त गणित शिक्षिकेने आपल्या भाषेत आणल्या आणि एका पानावर एकच कविता घेतली. छापखान्याचा मालक म्हणाला, "बाई, पानावर एवढी जागा वाया चाललीये. पाच-पाच बसवू का?" बाई म्हणाल्या, "ती जागाही वाचायचीच आहे." त्यानंतर मालक त्यांच्याशी जरा जपून बोलू लागला.

मी वाचनालयात आलो. नव्या पुस्तकांच्या समारंभात एका पाहुण्याने मला हातात धरून माझे कौतुक केले आणि जाताना तो मला खुर्चीवरच विसरून गेला.

माझे दुखणे वेगळेच आहे. पुस्तक घरी नेले की त्याच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का बसतो. माझी चिठ्ठी कोरी राहिली. लोक मला वाचत नव्हते असे नाही. ते मांडणीपाशी उभ्याउभ्या वाचत आणि परत ठेवत. तीन ओळींसाठी रांगेत कोण उभे राहणार?

घड्याळ दुरुस्त करणारे काका तर रोज दुपारच्या सुट्टीत येत. एक कविता वाचत, ओठांतल्या ओठांत तीनदा घोळवत आणि जात. घरी काकूंना दिसेनासे झाले होते, म्हणून ती त्यांना ऐकवत. ग्रंथपाल बाई एकदा म्हणाल्या, "काका, घरीच न्या की."

"नको. ही एका बैठकीत माझ्याकडून सगळं वाचून घेईल. रोज एक नेली की संध्याकाळभर भांडता येतं."

मग एके दिवशी मुख्य कार्यालयातून साहेब आले. सहा वर्षांत शिक्का नसलेली पुस्तके कागदाचा लगदा करायला पाठवायची होती. गाडी दारात उभी होती आणि एक वाजता निघणार होती. काका यायचे सव्वाला.

"साहेब, याच्या पानांचे कोपरे बघा. वाचून वाचून मळलेत," बाई म्हणाल्या.

"मळलेत ना? मग तर काढायलाच हवं."

मी खोक्यात गेलो. माझ्यावर बॉयलरच्या देखभालीचे पुस्तक पडले. वरून सुतळी आवळली गेली. साहेब यादीच्या एकेका पानावर सही करू लागले. बाईंनी काकांच्या दुकानात फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

शेवटी कोणीतरी तो उचलला असावा, कारण एकला चार मिनिटे असताना काका धापा टाकत आले ते थेट मांडणीकडे. माझ्या जागेवर शब्दकोश पाय पसरून बसला होता.

"नाव काय पुस्तकाचं?" साहेबांनी विचारले.

सात वर्षांत काकांनी माझे नाव कधी पाहिलेच नव्हते. "पातळ आहे. करडं."

"खोक्यात सगळी करडीच आहेत, आजोबा."

"थांबा, कालची कविता सांगतो. रिकामी खुंटी. आज तिच्यावर नुसतं ऊन."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"म्हणजे कोणीतरी गेलंय."

"मीही तेच म्हणालो. ही म्हणते, कोणी गेलं नाही, कोट धुवायला टाकलाय. जेवण निवलं, पण ही हटली नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "कोट धुवायला टाकला तर खुंटीकडे बघत कोण बसेल? माणूस गेलाच असणार."

"या एकदा घरी. तुम्हीच सांगा तिला."

दारात भोंगा वाजला. तेवढ्यात बाईंनी सुतळी कापली, बॉयलर बाजूला सारला आणि माझ्या चिठ्ठीवर शिक्का मारला. आयुष्यातला पहिला. शाई थंड लागली.

"बाई, यादीच्या त्या पानावर माझी सही झालीये."

"शिक्का आधी की सही आधी, ते कसं कळणार साहेब? यादीत वेळेचा रकानाच नाहीये."

साहेबांनी यादीच्या रकान्यांवरून बोट फिरवले. चालक खोके उचलायला आत आला. "कोट असता तर कवीनं कोट लिहिला असता," साहेब पुटपुटले आणि त्यांनी एक ओळ खोडली.

काका मला घरी घेऊन गेले. काकूंनी बोटांनी माझी पाने चाचपली आणि विचारले, "परत कधी द्यायचंय?" मग म्हणाल्या, "साहेबांचं म्हणणं काही खरं नाही. कोटच आहे."

मित्रांनो, खोक्यातली बाकीची सदतीस पुस्तके एक वाजता गेली. त्यांच्यातली एखादी ओळ म्हणून दाखवायला कोणी आले नाही. तुम्ही उभ्याने खुशाल वाचा, आमची त्याला ना नाही. पण आवडलेल्या पुस्तकाचे नाव तेवढे बघून ठेवा आणि वाचून झाले असले तरी त्याला कधीतरी घरी न्या. दर वेळी दुकानातला फोन कोणी उचलेलच असे नाही.