पालथा दगड

मित्रांनो, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका लाकडी घराच्या दारात मी इतकी वर्षं पालथा पडून होतो, की सगळे मला पायरीच समजत. खरं तर मी एका शिपायाच्या थडग्याचा दगड आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या संगमरवराच्या खाणीत झाला. यादवी युद्ध संपून बरीच वर्षं लोटली होती आणि मेलेल्या शिपायांसाठी सरकार दगड घडवून घेत होतं. पाथरवटाने माझ्या छातीवर ढाल कोरली आणि ढालीत अक्षरं कोरली: एफ्रेम टँडी, काळ्या सैनिकांची पायदळ पलटण. हा एफ्रेम जन्माने गुलाम. मालकाच्या तंबाखूच्या शेतातून तो पळाला, पलटणीत भरती झाला आणि स्वतंत्र माणूस होऊन घरी परतला. मी आगगाडीने गावात पोचलो, तेव्हा तो जमिनीखाली होता. त्याच्या बायकोने, केझियाने, मला एप्रनने पुसलं आणि चर्चमागच्या दफनभूमीत त्याच्या उशाशी उभं केलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांवरून बोट फिरवत बसायची. ते माझे सुखाचे दिवस. फार टिकले नाहीत.

काळा माणूस बंदूक घेऊन लढला होता, हे काहींना सलत होतं. ते तोंडं झाकून घोड्यांवरून येऊ लागले. शेजारच्या थडग्यावरचा दगड त्यांनी घणाने फोडला आणि त्या शिपायाचं घर पेटवून दिलं. लगेच केझियाने आणि तिच्या भावाने मला उपटलं, खेचरामागे ओढत घरी आणलं आणि दारात पालथं घातलं. अक्षरं मातीत, पाठ वर. मुलांना तिने एवढंच बजावलं, "या पायरीवर पाय ठेवायचा नाही. ओलांडून यायचं." का, ते सांगितलं नाही. पोरांच्या तोंडून एक शब्द बाहेर गेला असता, तर घराची राख झाली असती. तिचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही.

केझिया गेली, मुलं गेली, रीत राहिली. टँडींची पोरं बेडकासारखी उड्या मारत घरात शिरतात, म्हणून शेजारीपाजारी हसायचे. नव्या सुना दारात ठेचकाळायच्या आणि सासूचा ओरडा खायच्या. पण का ओलांडायचं, हे हळूहळू कुणालाच ठाऊक राहिलं नाही.

मग वॉनेटाचे दिवस आले. ही एफ्रेमची खापरपणती, शाळेची बस चालवायची. चर्चमागून नवा रस्ता जाणार, असं ठरलं होतं. तिथे शिपायाचं थडगं आहे हे सिद्ध केलं, तर रस्ता वळवता आला असता. बिचारी सुट्टीच्या दिवशी राजधानीत जाऊन जुनी दप्तरं धुंडाळायची. एफ्रेमचं नाव सापडलं, त्याच्यासाठी दगड पाठवल्याची नोंदही सापडली. रस्त्याच्या कचेरीतला साहेब म्हणाला, "मग दगड दाखवा ना, बाई. दगड नाही, तर थडगं कशावरून?" तिने परोपरीने सांगून पाहिलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

ती लोखंडी सळई घेऊन चर्चमागच्या, आता रान माजलेल्या दफनभूमीतल्या काटेरी झुडपांत शिरायची आणि जमीन टोचत मला शोधायची. संध्याकाळी दमून घरी यायची, चिखलाचे बूट माझ्याशेजारी काढायची आणि मला ओलांडून आत जायची. त्या बुटांची माती मी ओळखत होतो. मित्रांनो, मला कंठ असता तर मी किंचाळलो असतो.

दगड मिळाला नाही. रस्ता झाला.

पुढच्या उन्हाळ्यात वॉनेटाच्या म्हाताऱ्या आत्याचे, ओझेलचे, गुडघे गेले. तिच्या चाकाच्या खुर्चीसाठी दारात उतार करायचा ठरला. गवंडी क्लाइडने माझ्यावर घण उगारला, तशी आत्या आतून कडाडली, "खबरदार फोडशील तर!"

"आत्या, नुसता दगड आहे गं," वॉनेटा म्हणाली.

"नुसता आहे? मग आई आमच्या पाठीत धपाटे का घालायची?"

"तेच तर विचारतेय. का घालायची?"

"मला काय ठाऊक! तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या वेळी मोठ्यांना उलटून विचारायची सोय होती का?"

"बाई, फोडत नाही, सरकवतो," म्हणत क्लाइडने पहार घातली आणि मला उलटलं.

किती वर्षांनी छातीला ऊन लागलं! मातीने अक्षरं जपली होती, कालच कोरल्यासारखी. वॉनेटाने वाचलं आणि ती अक्षरांवरून बोट फिरवत बसली.

"काय लिहिलंय? वाच ना मोठ्याने," आत्या म्हणाली.

वॉनेटाला वाचवेना. शेवटी क्लाइडने टोपी काढली आणि वाचून दाखवलं.

आत्या खुर्ची ढकलत दाराशी आली. मग म्हणाली, "एकदा विचारलं असतं मी आईला. एकदाच."

आता मी अंगणात, पीचच्या झाडाखाली ताठ उभा आहे. येणारेजाणारे माझ्यावरचं नाव वाचतात. माझ्याखाली मात्र कुणी नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं 'करायचं नाही' असेल. सांगणारं माणूस आहे तोवर त्याला 'का' विचारा. आणि थोरांनो, भीती सरली की कारणही सांगून टाका. माझ्या पाठीवर या घराने कधी पाय ठेवला नाही. माझ्या एफ्रेमवरून मात्र दिवसभर गाड्या जातात.