सोमवारचं विमान

लाखनीच्या अलीकडे, महामार्गाला लागूनच असलेल्या विमान आणि अंतराळ संग्रहालयाच्या फाटकाला कुलूप होतं. कुलपाच्या वर पाटी होती : सोमवारी बंद.

लक्ष्मणरावांनी पाटी दोनदा वाचली. छत्तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलेल्या माणसाला ती तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही. मागे मिनीबसमधून पवनीची एकोणीस मुलं डबे सावरत उतरत होती.

"गुरुजी, तुम्ही फोन केला होता ना?" शोभाताईंनी हळूच विचारलं. त्या सातवीच्या बाई. लक्ष्मणरावांना त्यांच्या शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण सहल म्हटली की ताई त्यांनाच हाक मारत.

"केला होता. किती वाजता उघडते विचारलं, दहाला म्हणाले. वार विचाराचा राहिला, ताई."

मिनीबस सोमवारी मोकळी होती म्हणून त्यांनी सोमवार धरला होता. बाजाराला वार असतो, दुकानाला असतो. विमानालाही सुट्टी असेल हे डोक्यातच आलं नाही.

"गुरुजी, इमान सोमवारचा उपास धरते का?" अंकुशने विचारलं आणि पोरं खिदळली. लक्ष्मणरावही हसले, पण त्यांची नजर हर्षावर गेली. ती हसली नव्हती.

हर्षाच्या घरी ते स्वतः गेले होते. तिचे आजोबा श्रावण हातमागावर बसलेले. मान वर न करता म्हणाले होते, "इमान पाहून काय करन थे? थे सुताच्या कांड्या भरते तवा माझा माग चालते." लक्ष्मणराव ओट्यावर तासभर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "एक दिवस द्या. काहीतरी शिकूनच परत येईल, माझा शब्द." श्रावणने कसंबसं 'हो' म्हटलं होतं. आता पोरगी बंद फाटक पाहून घरी गेली, तर श्रावण तिला पुन्हा कुठं सोडणार नव्हते.

आवाराच्या मागच्या बाजूने लाकडावर ठोकल्याचा आवाज आला. लक्ष्मणराव भिंतीच्या कडेने तिकडे गेले. तिथं एक छोटं फाटक, आणि आत टिनाचं शेड. एक माणूस स्टुलावर बसून काम करत होता.

"बंद हाय," तो मागे न बघताच म्हणाला.

"वाचली पाटी. चूक माझीच आहे. पवनीवरून एकोणीस लेकरं घेऊन आलो, भाऊ. बाहेरूनच काही दिसन का?"

त्या माणसाने वळून पाहिलं. धनीराम त्याचं नाव. वीस वर्षं हवाई दलात मेकॅनिक होता, आता या संग्रहालयाचा एकुलता एक कारागीर. त्याने लक्ष्मणरावांच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं, मग फाटकातून डोकावणाऱ्या डोक्यांकडे.

"हॉलची चाबी साहेबापाशी हाय, थे नागपूरले गेले. पण शेड माझं हाय. हात नाई लावाचा, कबूल असन तं या."

"कबूल."

शेडमध्ये एक जुनं ग्लायडर होतं, इंजिन नसलेलं विमान. त्याचा एक पंख काढून लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता. पंखाला लाकडाच्या फासळ्या, आणि फासळ्यांवर ताणून बसवलेलं कापड.

"मंजे इमान कापडाचं?" अंकुश ओरडला.

"जुनी असीच राहाची," धनीराम म्हणाला. "कापड लावाचं, वरून लेप द्याचा. लेप सुकला का कापड ढोलकीवानी ताठ होते." हे ग्लायडर आता फक्त बघायला ठेवायचं होतं, म्हणून उंदरांनी कुरतडलेल्या जागी तो हातमागाच्या जाड सुती कापडाचं ठिगळ लावत होता. त्याने सरस लावला आणि ठिगळ उचललं.

"काका, आडवं लावून राहिले तुमी."

बोलली ती हर्षा. सकाळपासूनचा तिचा हा पहिला शब्द.

"हर्षा!" शोभाताई दटावायला गेल्या. लक्ष्मणरावांनी हातानेच त्यांना थांबवलं. गप्प राहणारं मूल बोलतं तेव्हा मोठ्यांनी गप्प बसावं, एवढं ते छत्तीस वर्षांत शिकले होते.

धनीरामचा हात तसाच थांबला. पंखाच्या कापडाचा ताणा, म्हणजे उभा धागा, पुढून मागे जातो आणि ठिगळाचाही तसाच जायला हवा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तुकडा कापताना ताण्याची दिशा दाखवणारी किनार निघून गेली होती, आणि त्याने अंदाजानेच ठरवलं होतं.

"तुले कसं समजलं?"

हर्षाने उरलेल्या तुकड्यातून दोन्हीकडचा एकेक धागा ओढला आणि जिभेला लावून पाहिला. "याले खळ हाय. खळ ताण्यालेच लावतेत, आडव्या बाण्याले नाई."

"खळ मंजे?" अंकुश धानवाल्या शेतकऱ्याचा पोरगा, त्याला मागातलं काय ठाऊक!

"भाताची पेज. ताणताना धागा तुटू नाई म्हणून."

धनीरामने दोन्ही धागे चाखले. तोंड वाकडं केलं. मग ठिगळ फिरवून उभं धरलं.

"कोनं शिकवलं?"

"आजोबानं."

"मंग ये इकडं. तूच लाव."

"हात नाई लावाचा म्हणे ना?" अंकुश म्हणाला.

"तू नाई लावाचा," धनीराम म्हणाला. "थे कारागीर हाय."

हर्षाने ठिगळ ठेवलं आणि अंगठ्याने मधून कडेकडे सारत गेली. एक सुरकुती राहिली नाही.

त्यानंतर मात्र धनीरामने काहीच राखून ठेवलं नाही. प्रत्येक मुलाला त्याने वैमानिकाच्या जागेवर बसवलं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी एकोणीस जोड चपला ग्लायडरच्या बाजूला ओळीत लागल्या. रॉकेट तेवढं हॉलच्या खिडकीतूनच पाहावं लागलं, तेही कमरेपर्यंत.

निघताना लक्ष्मणरावांनी हात जोडले.

"मले नका जोडू, गुरुजी," धनीराम ओशाळला. "आज सुट्टीच होती माझी. घरी बसून काय केलं असतं?"

दिवस कलता कलता लक्ष्मणराव हर्षाला घरी सोडायला गेले. तिने उंबऱ्यातूनच सांगायला सुरुवात केली. श्रावणने माग थांबवला.

"ताणा कोणीकून होता?"

"पुढून मागं."

"आन् थो लेप कायचा?"

हर्षा अडखळली. तिने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनाही ठाऊक नव्हतं.

"पुढच्या खेपेले इचारून ये," श्रावण म्हणाले आणि घरात हाक दिली, "अवो, गुरुजीले चहा ठेव."

लक्ष्मणराव ओट्यावर बसले. माग पुन्हा खटखटू लागला. त्या 'पुढच्या खेपे'साठी त्यांनी धनीरामला मनातल्या मनात आणखी एकदा नमस्कार केला.