सगळ्यांना सारखीच बस

डेपोत ड्रायव्हरची भरती बायकांसाठीही पहिल्यांदाच खुली झाली होती. चिमणीने अर्ज भरला तेव्हा घरात कुणी हसलं नाही, पण कुणी फारसं बोललंही नाही. उंचीने ती लहान, म्हणून हे नाव तिला शाळेत पडलं आणि पुढे घरातही तेच राहिलं. तिचे बाबा याच डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. परीक्षेच्या सकाळी त्यांनी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि एवढंच सांगितलं, "काही मागू नकोस. एकदा मागितलंस की लोक जन्मभर म्हणतील, सवलतीवर लागली."

परीक्षा म्हणजे डेपोच्या आवारात बस चालवून दाखवायची. आधीचे सगळे उमेदवार उंचपुरे होते. तिचा नंबर आला तशी ती बसमध्ये चढली, सीटवर बसली आणि क्लच दाबायला गेली. पाय पोचत होता, पण जेमतेम, टोकावर. शेवटपर्यंत दाबायचा तर कंबर सीटवरून घसरत होती. सीट पुढे घ्यायला तिने खालचा दांडा ओढून पाहिला, तो हलेना.

खाली परीक्षक उभे होते. त्यांच्यामागे दहाबारा उमेदवार, हाताची घडी घालून. बाबांचं वाक्य डोक्यात घुमत होतं. असंच चालवलं तर वळणावर क्लच सुटेल, गाडी बंद पडेल आणि मग सगळे म्हणतील, तरी सांगत होतो. मागितलं तर तेच लोक वेगळं काहीतरी म्हणतील.

तिने काच खाली केली. "साहेब, सीट पुढे येत नाहीये."

"बाई, सगळ्यांना सारखीच बस आहे," परीक्षक म्हणाले. "त्यात फरक केला तर बाकीचे तक्रार करतील."

"बस सारखीच हवी, साहेब. पण सीट ज्याची त्याने लावायची असते ना? आधीच्यांना मागे हवी होती, ती मागे होतीच. मला पुढे हवी आहे."

कुणीतरी मागून पुटपुटलं, "झालं सुरू." परीक्षकांनी डेपोतल्या मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीने सीटखालच्या रुळांवर तेल सोडलं, हातोडीचे दोन ठोके दिले. सीट कुरकुरत पुढे आली. तोवर सगळे ताटकळले होते आणि त्या ताटकळण्याचं ओझं तिच्या खांद्यावर होतं.

पुढचं नीट झालं. चढ, वळण, थांबा. मग रिव्हर्स. पिंपांच्या दोन रांगांमधून बस मागे घ्यायची होती. शेवटच्या पिंपापाशी तिने घाईने स्टिअरिंग फिरवलं आणि धाडकन आवाज झाला. पिंप लोळत गेलं.

"नापास," परीक्षक म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा या. ही संधी सगळ्यांनाच आहे."

बाबा फाटकापाशीच होते. तिचा चेहरा बघून त्यांनी ओळखलं. "सीटमुळे गेलं का?"

"नाही. सीट मी लावून घेतली. मागितली."

ते तिच्याबरोबर घराकडे चालू लागले.

"पिंप माझ्यामुळे पडलं, बाबा. स्टिअरिंग लवकर फिरवलं." असं म्हणताना तिला रडू आलं, तरी आतून थोडं हलकंही वाटलं. ही चूक निदान तिची स्वतःची होती, आणि ती सुधारता येण्यासारखी होती.

घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "माझी सीट नीट लागत नव्हती, पहिली काही वर्षं. कंबर गेली त्यात. पण बोललो नाही." मग म्हणाले, "रविवारी मित्राचा ट्रक मिळतो का बघतो. गाडी मागे घ्यायची सवय हवी."

पुढच्या महिन्यात ती पास झाली. गुणांच्या यादीत मधेच कुठेतरी होती, वर नाही, खाली नाही.

पहिल्या फेरीला बस खच्चून भरली. मागून एक आजीबाई ओरडल्या, "बाई, जरा सावकाश हं." चिमणी मुळातच सावकाश चालवत होती. तिने आरशात पाहिलं, गिअर टाकला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.